डोपामाइनचा डबा

विरूपाक्ष पट्टणशेट्टीचं वजन जास्त आहे, यावर चिंचपार गल्लीत कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो ते कशानं वाढलं यावर. बायको म्हणायची, कचेरीतल्या खुर्चीनं. कचेरीतले म्हणायचे, बायकोच्या हातच्या शेंगापोळीनं. विरूपाक्ष स्वतः म्हणायचा, आनुवंशिक आहे, आणि पुरावा म्हणून भिंतीवरचा वडिलांचा फोटो दाखवायचा. फोटोतले वडील काटकुळे होते; पण फोटो तरुणपणीचा आहे, असं सांगून तो मुद्दा पुढं रेटायचा.

त्या वर्षी तालमीच्या फुटबॉल संघाला पन्नास वर्षं झाली आणि मंडळानं जुन्या खेळाडूंचा सामना ठरवला. आपापसातच दोन संघ करायचे होते. नावं काय द्यायची यावर बैठक लांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण कोल्हापुरात दोन संघांची नावं तांबडा आणि पांढरा सोडून दुसरी काय असणार, असं कुणीतरी म्हणालं आणि तेवढा एक ठराव न भांडता मंजूर झाला. जन्मात पांढऱ्या रश्श्याला बोट न लावलेला विरूपाक्ष पांढऱ्या संघाचा गोलकीपर ठरला. तांबड्या संघाचा पुढारी उदयसिंह.

इथं एवढीच पूर्वकथा सांगितली पाहिजे की कॉलेजात असताना उदयसिंहानं मारलेली एक पेनल्टी विरूपाक्षाच्या दोन पायांमधून जाळ्यात गेली होती. बॉल गेला तो गेला, पण जाताना त्याचं नाव घेऊन गेला. त्या दिवसापासून उदयसिंह त्याला ‘बोगदा’ म्हणायचा. प्रेमानं म्हणायचा, हा त्यातला खरा त्रास. लग्नात त्यानं दिलेल्या आहेराच्या पाकिटावर ‘चि. बोगदा यांस’ असं होतं, आणि ते मोठ्यानं वाचणाऱ्या मुलीकडच्या मामांनी हे आडनाव कुठल्या गावचं, असं भर मांडवात विचारलं होतं. तेव्हा हा एक सामना आणि त्यात उदयसिंहाचा एक बॉल अडवायचा, एवढंच विरूपाक्षाला आता आयुष्याकडून पाहिजे होतं. माणसाच्या मागण्या पन्नाशीनंतर अशा आटोपशीर होतात.

अडचण दाखल्याची होती. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक खेळाडूचा तब्येतीचा दाखला जोडल्याशिवाय मैदान मिळणार नव्हतं. दाखला देणार होत्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टर मैथिली. त्यांनी विरूपाक्षाला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, काटा हलवून पुन्हा बघितला.

“काका, सामन्याला महिना आहे. पाच किलो उतरवा, मग सही करते.”

“मॅडम, गोलकीपरला पळायचं कुठं असतंय?”

“वाकायचं तर असतं?”

विरूपाक्षानं पायातल्या बिनबंदाच्या चपलांकडं पाहिलं. बुटांच्या नाड्या त्याला दिसणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली, आणि तिच्या मागोमाग सल्ले. तालमीचे सेक्रेटरी जोतीराम म्हणाले, “दूध पी. कट्ट्यावर म्हशी पिळत्यात तिथं जाऊन, धारेचं. त्यानं वजन उतरतंय.” शेजारच्या श्यामलाकाकू शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळं त्यांचा सल्ला मुद्देसूद होता: भात बंद, त्याऐवजी पोहे, सकाळी, दुपारी आणि मधल्या वेळेला. कचेरीतला एक सहकारी म्हणाला, “मिसळ सोडू नका. पाव सोडा. सगळा दोष पावाचा हाय. कट कितीबी घ्या.” विरूपाक्षानं पाव सोडला. पावाची जागा रिकामी राहू नये म्हणून भजी घेतली आणि कट कितीबी घेतला. आठवड्यानं काटा पुढं सरकलेला होता. या सगळ्या सल्ल्यांचा हिशेब मांडला तर एक दिसतं, की कोल्हापुरात माणसाला बारीक कसं व्हायचं हे सांगणारा प्रत्येकजण शेवटी काय खायचं तेच सांगतो.

शेवटी पोरीनं तोंड घातलं. भूमिका विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकत होती, म्हणजे घरात ज्याचा काही उपयोग होत नाही असं पुष्कळ तिला ठाऊक होतं. विरूपाक्ष भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता.

“अप्पा, तुम्हाला भूक लागलेली नाही,” ती म्हणाली.

हा आरोप त्याच्यावर पहिल्यांदाच होत होता.

“मग हे कोण खातंय?”

“डोपामाइन. मेंदूतलं रसायन आहे. लोकांना वाटतं ते खाल्ल्यावर मजा येण्याचं आहे. तसं नाही. ते हवंहवंसं वाटण्याचं आहे. डबा दिसला, झाकण वाजलं, की खायच्या आधीच सुटतं आणि म्हणतं, ऊठ, घे.”

“आणि पुरे कर म्हणणारं कोण न्हाय तिथं?”

“आहे की. लेप्टिन. ते आपल्या चरबीतूनच निघतं आणि मेंदूला कळवतं, साठा भरपूर आहे, आता थांबा. पण चरबी फार वाढली की ते इतकं येत राहतं, की मेंदू त्याच्याकडं लक्ष देईनासा होतो.”

विरूपाक्ष कचेरीत आवक-जावक टेबलावर होता. त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे रोज तेच पत्र येतंय. साहेब न वाचता फायलीला लावत्यात.”

“अगदी तसंच.”

“आणि भुकेचं?”

“घ्रेलिन. ते पोटातून येतं. जेवायची वेळ झाली की बरोबर हजर.”

“त्याच्यावर ‘तातडीचे’ असा शेरा असणार,” विरूपाक्ष म्हणाला आणि मागं टेकला. त्याला मोठं हलकं वाटत होतं. इतकी वर्षं आपण खादाड आहोत अशी त्याची समजूत होती. आता कळलं, की दोष त्याचा नव्हताच, कार्यालयीन होता.

“यावर उपाय?”

“डबे नजरेसमोर ठेवायचे नाहीत. शक्यतो घरातच ठेवायचे नाहीत.”

विरूपाक्ष तडक स्वयंपाकघरात गेला आणि फडताळ रिकामं करायची आज्ञा दिली. रत्नव्वा संकेश्वरकडची, नवऱ्याला कानडी पद्धतीनं ‘री’ म्हणून हाक मारायची. नवऱ्याच्या आज्ञा ती नीट ऐकून घ्यायची आणि मग त्यातल्या कुठल्या पाळायच्या ते ठरवायची.

“री, टाकायचं न्हाय. अन्न हाय ते.”

“टाकतोय कुठं? गल्लीत वाटून टाकू.”

रत्नव्वा काहीतरी बोलणार होती. तिच्या ओठापर्यंत आलेलं दिसलं. मग तिनं ते गिळलं आणि गालात हसून डबे काढून दिले. संसारात काही गोष्टी नवऱ्याला आपल्या आपण कळू द्याव्यात, असं तिचं जुनं धोरण होतं.

डबे स्टीलचे, लग्नातले. प्रत्येकावर तिचं नाव घातलेलं. पट्टणशेट्टी हे आडनाव नाव घालणाऱ्याला डब्यावर मावेना, म्हणून त्यानं ‘सौ. र. वि. प.’ एवढ्यावर भागवलं होतं. त्यात लाडू, भडंग, चिवडा, शेंगापोळ्या असं भरून विरूपाक्षानं स्वतः घरोघर पोचवलं. श्यामलाकाकूंकडं, जोतीरामांकडं, खालच्या दारच्या सोनारांकडं. परत येऊन फडताळात नवीन वर्तमानपत्र अंथरलं आणि रिकाम्या फळ्यांपुढं उभा राहिला. संसार सोडलेल्या माणसाला वाटत असेल तसं त्याला वाटलं, शिवाय संसार तिथंच होता.

हा माणूस जन्मानं कोल्हापूरचा, वाढला इथं, लग्न-मुंज-बारशात जेवला इथं. एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.

संध्याकाळी श्यामलाकाकू आल्या. “हा तुमचा डबा. रिकामा कसा आणू, म्हणून चार चकल्या घातल्यात.” चार म्हणजे झाकण लागेना एवढ्या, उरलेल्या त्यांनी स्वतःच्या डब्यातून आणल्या होत्या. पाठोपाठ जोतीराम. “वहिनी, डबा. हिनं गुळाच्या पोळ्या घातल्यात. लाडू झकास झालते.” सोनारांकडून डबा आला तो खजुराच्या वड्यांनी भरून. दिवेलागणीला फडताळ होतं तसं झालं, आणि वर श्यामलाकाकूंचा जादा डबा.

“तो परत द्यायचा,” विरूपाक्ष म्हणाला.

“देणार की. शेंगापोळ्या करते आणि देते.”

“पोळ्या कशाला? चिमूटभर साखर घालून दे. शास्त्रापुरती.”

रत्नव्वानं हातातलं उलथनं खाली ठेवलं. “साखर घालत्यात ती घरात दुसरं काय नसलं म्हंजे. माझ्या घरात काय न्हाय, असं गल्लीला सांगू?”

पोळ्या झाल्या. त्या गेल्या. त्यांचा डबा सांज्यानं भरून आला. सांज्याला डबा पुरला नाही म्हणून एक पातेली आली. पातेली मोठी, तिला साजेसं काहीतरी करावं लागलं. आठ दिवसांत गल्लीतली भांडी एकमेकांच्या घरी अशी मुक्कामाला गेली की कुणाचं काय कुठं आहे ते फक्त बायकांनाच सांगता येत होतं. विरूपाक्ष कचेरीतून आला की दाराशी खुर्ची टाकून बसायचा. कडी वाजली की त्याची मान वळायची, झाकण वाजलं की तो उठायचा.

भूमिकानं दोन-तीन दिवस हे पाहिलं. “अप्पा, पहिल्यापेक्षा वाईट झालंय. आधी कुठल्या डब्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. आता ठाऊक नाही. काय मिळेल, मिळेल की नाही, हे नक्की नसलं की डोपामाइन उलट जास्त सुटतं. लॉटरीवाल्यांचं असंच होतं.”

“मी जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं न्हाय.”

“तिकीट नाही घेतलं. दारात बसून रोज सोडत बघताय.”

हे लागलं. विरूपाक्षानं त्याच रात्री जेवण होताच मोबाइल हातात घेतला आणि गल्लीच्या ग्रुपवर आपल्या हातखंड्याचं काम केलं. ‘विषय : डबे रिकामे परत करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराच्या प्रकृतीच्या कारणास्तव यापुढे त्यांचे घरी कोणताही खाद्यपदार्थ पाठविण्यात येऊ नये. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

मजकूर निर्दोष होता. पण लोकांनी त्यातला एकच शब्द वाचला, प्रकृती. पहिल्यांदा हात जोडलेली चित्रं आली. मग ‘काळजी घ्या’, ‘आई अंबाबाई बळ देवो’. सोनारांनी घाईघाईत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली आणि लगेच काढली, पण ती विरूपाक्षाच्या वाचनात आली होती आणि वाचलेलं कुणाला काढता येत नाही.

आता आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं कोण जाईल? दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. शहाळी आली, मऊ भात आला, तुपातला शिरा आला. “खायचं न्हाय म्हटलंय डॉक्टरनी,” विरूपाक्ष सांगायचा. “ते बरोबर हाय,” जोतीराम म्हणायचे, “पण पोटात काय नसलं तर दुखण्याशी झुंजणार कशावर? घासभर घे.” श्यामलाकाकूंनी रत्नव्वाला आत नेऊन हळूच विचारलं, की नेमकं काय निघालंय. रत्नव्वा म्हणाली, “मेंदूतलं हाय कायतरी.” पोरगी रोज तसंच म्हणायची, तिनं तेवढंच सांगितलं. श्यामलाकाकू डोळ्याला पदर लावून बाहेर आल्या आणि त्या दिवशी बेसनाचे लाडू पाठवले.

मग उदयसिंह आला. उंच, सडसडीत माणूस, पन्नाशीतही पोट सपाट, हातात बासुंदीचं पातेलं.

“काय बोगदा, दुखणं लपवतोस व्हय आमच्यापासनं?” मग आत बघून, “वहिनी, नवं पातेलं हाय, आमच्या मटणाच्या भांड्यात मिसळलेलं न्हाय. निर्धास्त खावा.”

“मला काय झालेलं न्हाय,” विरूपाक्ष म्हणाला.

“पहिल्यांदा समदी असंच म्हंत्यात. खेळायचं ऱ्हाऊ दे. गोलात दुसरा कोणतर उभा करू. फकस्त बोगदा नसला तर बॉल कुठनं घालायचा, एवढीच काळजी हाय.”

आणि तो एवढ्या मायेनं हसला की विरूपाक्षानं दोन्ही हातांनी पातेलं घेतलं. तो गेल्यावर मात्र एकदम उजेड पडला. हा कट आहे. बासुंदी खाऊन वजन वाढावं, दाखला मिळू नये, बोगदा कायमचा राहावा. त्यानं रागारागानं पातेल्यातली एक वाटी बासुंदी चाखून पाहिली. कट पुरता सिद्ध व्हावा म्हणून दुसरीही घेतली.

पण दुसऱ्या वाटीनंतर त्याच्या मनात निराळंच आलं. आवक बंद करता येत नाही, हे उभ्या नोकरीचं ज्ञान होतं. लोक पत्रं पाठवणारच. हातात असते ती जावक. आलं की त्याच दिवशी बाहेर. पत्र टेबलावर मुक्कामाला ठेवलं तर ते आपलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून तो संध्याकाळी डबे घेऊन चालत निघू लागला. श्यामलाकाकूंचे लाडू जोतीरामांकडं, जोतीरामांचा शिरा सोनारांकडं, सोनारांच्या वड्या उदयसिंहाकडं. उदयसिंह तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि त्या इमारतीची लिफ्ट रहिवाशांच्या भांडणामुळं बंद होती. प्रत्येक घरात आग्रह व्हायचा. सुरुवातीला त्यानं सांगून पाहिलं, “आत्ताच श्यामलाकाकूंच्यात खाल्लं.” त्यावर जोतीरामांच्या मंडळी दुखावल्या. “त्यांच्यात खाल्लंसा आणि आमच्यात न्हाय?” आणि पुढ्यात दोन ताटल्या आल्या. ही सबब कोल्हापुरात उलटी चालते हे त्यालाच कळायला पाहिजे होतं.

मग एके दिवशी उदयसिंहाच्या घरी जिना चढून धाप लागलेली, आणि समोर वडीचा तुकडा धरलेला. विरूपाक्ष कसाबसा म्हणाला, “मी न्हाय खायाचं. तू खा. मी बघतो.”

“बघतोस?”

“मेंदूचं हाय,” विरूपाक्ष म्हणाला. सगळी गल्ली तेच म्हणत होती, त्यानं फक्त री ओढली. “दुसऱ्याला खाताना बघितलं की माझं भागतंय. उपचार हाय.”

उदयसिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. “खातो बाबा,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी खातो.” आणि त्यानं सगळा डबा संपवला.

ही गोष्ट गल्लीत पसरायला जिना उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. विरूपाक्ष आला की लोक त्याला चांगली खुर्ची द्यायचे, समोर बसायचे आणि त्याच्यासाठी खायचे. जोतीराम साखरेचे पथ्यवाले, पण मित्राच्या दुखण्यापुढं पथ्य काय. सोनार तर विचारायचे, “भागलं का? का अजून एक खाऊ?” विरूपाक्ष म्हणायचा, “एक खावा.” पहिले दिवस त्याला लाळ सुटायची. मग कुणाच्या तोंडात काय गेल्यावर त्याचा चेहरा कसा होतो हे बघायची गोडी लागली. श्यामलाकाकू लाडू आधी नाकाशी नेत. जोतीराम डोळे मिटत. उदयसिंह तोंडात घास असताना जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगायचा, आणि त्यांत विरूपाक्षानं अडवलेले बॉलसुद्धा असायचे. ते त्याला आठवतात, हे विरूपाक्षाला नवीन होतं. एकदा श्यामलाकाकूंच्या लाडवांचा डबा तीन घरं फिरून श्यामलाकाकूंकडंच गेला. त्यांनी एक चाखला आणि म्हणाल्या, “बरा आहे, पण माझी सर नाही.”

सामन्याच्या चार दिवस आधी डॉक्टर मैथिलींनी सगळ्यांना बोलावलं. दवाखान्यात चिंचपारच्या फुटबॉलचा इतिहास रांगेत बसला होता. जोतीराम काट्यावर चढले, उतरले. सोनार चढले, उतरले. उदयसिंह चढला आणि काटा दाबून बघू लागला, काही अडकलंय का म्हणून. त्याच्या शर्टाचं मधलं बटण महिन्यापूर्वी होतं तिथं राहिलं नव्हतं. शेवटी विरूपाक्ष चढला.

“पाच नाही उतरलं,” डॉक्टर म्हणाल्या, “पण उतरलंय. या अख्ख्या रांगेत उतरलेले तुम्ही एकटेच.” त्यांनी कागदांवरून नजर फिरवली. “बाकीच्यांना काय झालंय? साथ आलीय का गल्लीत?”

रांग विरूपाक्षाकडं बघू लागली. विरूपाक्ष डॉक्टरांच्या टेबलाकडं बघत होता. तिथं रक्तदाब मोजायच्या यंत्रामागं एक स्टीलचा डबा होता, ‘सौ. र. वि. प.’. परवा तो स्वतःच देऊन गेला होता, आणि डॉक्टरांनीही उपचार म्हणून त्याच्यासमोर दोन पोळ्या खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच्या नजरेमागं नजर नेली आणि यंत्र थोडं डावीकडं सरकवलं.

“हे बघा,” त्या घसा साफ करून म्हणाल्या, “नियमानं बघितलं तर एकालाही दाखला देता येत नाही. पण एक करता येईल. परदेशात म्हाताऱ्यांसाठी चालत फुटबॉल खेळतात. चालत खेळणार असाल तर सही करते. जो धावेल, त्याच्याविरुद्ध फाऊल.”

म्हातारे हा शब्द कुणालाच आवडला नाही, पण सही सगळ्यांनी घेतली.

सामन्याला गर्दी झाली. कोल्हापूरकर फुटबॉलला जमतोच. हा सामना कसा चालतो ते बघायला जास्त जमला. तांबडे आणि पांढरे लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना सामोरे जावेत तसे एकमेकांना सामोरे गेले. बॉलही समजूतदार होता, फारसा लांब जात नव्हता. कुणी पास दिला की घेणारा चालत चालत विचारायचा, “मला दिलास व्हय?” लोकांनी हलगी आणली होती, तिच्या तालावर पळावंसं वाटायचं आणि पळता येत नव्हतं, ही सगळ्यांची पंचाईत. विरूपाक्ष गोलात उभा होता. नाड्या भूमिकानं बांधून दिल्या होत्या. अजून एकही बॉल त्याच्यापर्यंत आला नव्हता, आणि असाच सामना संपला तर बोगदा होता तिथंच राहणार होता.

शेवटच्या मिनिटांत उदयसिंह बॉल घेऊन ऐटीत चालत येत होता. पांढऱ्यांचे जोतीराम त्याला अडवायला निघाले, आणि गोलाजवळ येताच हलगीनं त्यांच्या पायांत काय भरलं देव जाणे, ते धावले. जेमतेम तीन पावलं, पण धावले. शिट्टी वाजली. पेनल्टी.

हलगी थांबली. उदयसिंहानं बॉल ठेवला, दोन पावलं मागं गेला आणि कंबरेवर हात ठेवून हसला.

“बोगदा, पाय जरा उघड की.”

विरूपाक्षानं गुडघे एकमेकांना चिकटवले. तीस वर्षं त्याच्या पायांकडं बघत उभी होती. उदयसिंहाचा पाय मागं गेला.

गोलाच्या बरोबर मागं रत्नव्वा सतरंजीवर बसली होती, सामन्यानंतर दोन्ही संघांना द्यायच्या शेंगापोळ्यांचा डबा घेऊन. तिनं त्याच वेळी झाकण का उघडलं, हे तिनं पुढं कुणालाच नीट सांगितलं नाही. झाकण घट्ट होतं. ते टण् करून निघालं.

उदयसिंहाचा पाय पुढं येत होता, पण मान डब्याकडं गेली. इतक्या दिवसांत या झाकणापाठोपाठ काय येतं, ते त्या मानेला माहीत झालं होतं. बॉलला धड पाय लागला नाही. तो नरमपणे, सरळ, मधोमध निघाला. आणि विरूपाक्ष? झाकण वाजल्याबरोबर तोही गर्रकन वळला होता, पुरा, पाठमोरा. बॉल त्याच्या बैठकीवर थप्पकन आदळला आणि उलटा फिरून रेषेबाहेर गेला.

मैदान उसळलं. उदयसिंह पंचाकडं धावत गेला, म्हणजे धावायचं नाही हे आठवून मधूनच चालत गेला. “त्यानं बघितलंबी न्हाय.”

“तू तर कुठं बघितलंस?” पंच म्हणाला. “अंगाच्या कुठल्या बाजूनं अडवायचा, असं नियमात न्हाय. अडिवला म्हंजे अडिवला.”

सामना बिनगोल सुटला. शेंगापोळ्या दोन्ही संघांना पुरून उरल्या. राहिलेल्या डब्यासकट उदयसिंह घेऊन गेला, घरच्यांना द्यायच्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची कडी वाजली. विरूपाक्ष खुर्चीवर होता. दारात उदयसिंह, हातात डबा.

“विरूपाक्ष,” तो म्हणाला, “डबा घे.”

विरूपाक्षानं आधी मागं वळून बघितलं, या नावाचं दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग डबा घेतला. “आत ये की. चहा घे.”

“नगं, पोट भरलंय. डॉक्टरनी उद्यापासनं रोज चालायला सांगितलंय. तूबी ये. गल्ली फिरू. डबे तर द्यायचे असत्यातच.” आणि जिन्यावरून पुन्हा, “सहाला, विरूपाक्ष.”

विरूपाक्ष खुर्चीवर येऊन बसला. डबा टेबलावर ठेवला. त्यानं भिंतीवरच्या वडिलांकडं बघितलं, खिडकीतून गल्लीकडं बघितलं, मधूनच हसला. भूमिका अभ्यास सोडून केव्हाची त्याच्याकडं बघत होती.

“अप्पा, तुम्ही डबा उघडला नाही.”

“कुठला डबा?”

रत्नव्वा पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं झाकण काढलं. ते टण् करून वाजलं. विरूपाक्षाची मान जागची हलली नाही. रत्नव्वानं डबा तिरका करून दाखवला. तळाशी चिमूटभर साखर होती.

“त्यांच्या घरात काय उरलं न्हाय वाटतं,” ती म्हणाली.

“उरंल कसं?” विरूपाक्ष म्हणाला. “रोज माझ्यासाठी खात होता.” आणि त्यानं ती साखर बोटावर घेऊन जिभेवर ठेवली, शास्त्रापुरती.